वेल्डिंगचं परमिट नाही, मग पाइपला पट्टी चालेल का?

प्रश्न : रबाळे एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे. पंपाच्या डिलिव्हरीची सहा इंची पाण्याची लाइन एल्बोच्या (वळणाच्या जोडाच्या) वेल्डशेजारी चिरली आहे. बोटभर आडवी चीर, थेंब थेंब गळते. शेजारी सॉल्व्हंटचे ड्रम असल्याने वेल्डिंगचं परमिट मिळत नाही. ठेकेदार म्हणतो, कार्बन फायबरची पट्टी चिकटवू, अर्ध्या दिवसात काम. पावसाळ्यात टिकेल का?
— एक वाचक, घणसोली

उत्तर : टिकेल, पण अर्ध्या दिवसाच्या घाईत नाही.

चीर आडवी, म्हणजे पाइपच्या गोलाईत, त्यात पंपाशेजारी, म्हणजे बहुधा कंपनाने पाइप वाकतोय. पंप चालू असताना एल्बोवर हात ठेवा, कळेल. आधी सपोर्ट आवळा, अलाइनमेंट बघा. नाहीतर पट्टीखाली चीर वाढतच राहील. मग लाइन रिकामी करून डाय पेनिट्रंट (चिरेत शिरून ती दाखवणारा लाल रंग) मारा. लाल रेघ कुठे संपते ते पाहून दोन्ही टोकांना बारीक भोकं पाडायची, म्हणजे टोक बोथट होतं आणि चीर सहजी पुढे सरकत नाही.

चौकोनी ठिगळ लावू देऊ नका, कडेपासून सुटतं. पूर्ण वेढा हवा, कडा उतरत्या. आणि तंतू नुसते गोल गुंडाळून तुमच्या चिरेला काही उपयोग नाही. तिला उघडणारा ताण पाइपच्या लांबीत आहे, तेव्हा काही थरांचे तंतू लांबीतच हवेत. कार्बन थेट लोखंडाला टेकला तर ओलाव्यात गंज धरतो, म्हणून पहिला थर काचेच्या कापडाचा.

खरी मेख पृष्ठभागात आहे. तारेच्या ब्रशने चकाकी येते, पकड नाही. ग्रिट ब्लास्टिंगच (टोकदार कणांचा जोरात मारा) हवं, आणि त्यानंतर उघडा हात लावायचा नाही. त्यात आपला खाडीकाठचा ऑगस्ट! हवा २८ अंश, आर्द्रता ९० टक्के असेल तर साधारण २६ अंशांवर दव धरतं. पाइप त्याहून किमान ३ अंश गरम हवा. सकाळी घामेजलेल्या पाइपवर इपॉक्सी (पट्टी चिकटवायची राळ) लावणं म्हणजे पैसे पाण्यात.

एक गोष्ट ठेकेदाराने सांगितली नसावी : ब्लास्टिंग आणि ग्राइंडर यांच्याही ठिणग्या उडतात, परमिट त्यालाही लागतं. म्हणजे ड्रम हलवावेच लागणार. हलवता येत असतील, तर मी तुमच्या जागी तेवढा तुकडाच बदलला असता.

तरीही पट्टीच करायची असेल, तर आयएसओ २४८१७ किंवा एएसएमई पीसीसी-२ या दुरुस्तीच्या मानकांप्रमाणे किती थर आणि किती वर्षांसाठी, हा हिशेब ठेकेदाराकडून लेखी घ्या. आयएसओत हे आयुष्य २ ते २० वर्षं धरतात. तुमचं नेमकं किती, ते त्याच्याच सहीने येऊ द्या.