दोन्ही बॅटऱ्या भंगारात देण्याआधी एकेक सेल मोजा

तुम्ही लिहिलंय की मुरबाडच्या शेतघरात 150 एएच (ॲम्पियर-अवर) क्षमतेच्या, 12 व्होल्टच्या दोन ट्युब्युलर लेड-ॲसिड बॅटऱ्या आहेत, 24 व्होल्टचा सोलर सेट आहे आणि जूनपासून घर बंद होतं. आता एक बॅटरी 10.4 व्होल्ट दाखवते, दुसरी 11.7, आणि ठाण्यातला बॅटरीवाला दोन्ही बदला म्हणतोय. इतक्यात बदलू नका. नुसत्या व्होल्टेजवर हा निकाल लागत नाही.

10.4 चे दोन अर्थ निघतात. एक तर सहाही सेल सारखेच उतरलेत, मग आशा आहे. नाहीतर पाच सेल बरे आहेत आणि एक पार बसलाय, कारण चांगल्या सेलचे साधारण 2.1 व्होल्ट, गुणिले पाच म्हणजे 10.5. मल्टिमीटरला हा फरक दिसत नाही, हायड्रोमीटरला दिसतो, कारण तो एकेका सेलमधल्या ॲसिडची घनता, म्हणजे ग्रॅव्हिटी, मोजतो. तो आधी घ्या, सोबत चष्मा आणि रबरी हातमोजे.

झाकणं उघडून पाहा. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या बुडतील एवढंच डिस्टिल्ड वॉटर टाका. आत्ताच काठोकाठ भरलंत तर चार्जिंगला पातळी वर चढते आणि ॲसिड बाहेर येतं. ॲसिड विकत आणून ओतायचं तर मुळीच नाही. ग्रॅव्हिटी उतरली म्हणजे ॲसिड उडून गेलेलं नसतं, ते लेड सल्फेट होऊन प्लेटांवर बसलेलं असतं. वरून ॲसिड घातलंत तर काटा चढेल, बॅटरी मात्र चार्ज होणार नाही.

मग जोडणी सोडवा आणि दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या चार्ज करा. सीरिजमध्ये ठेवल्या तर चांगली आधी भरते आणि दुबळी मागेच राहते. नवे स्मार्ट चार्जर 10.4 ला बऱ्याचदा चार्जिंग सुरूच करत नाहीत, म्हणून ॲमीटर असलेला साधा चार्जर बरा. 3-4 ॲम्पियरवर लावा. घाई करून 15 ॲम्पियर दिलेत तर सल्फेट विरघळण्याआधी बॅटरी तापते. अंग 50 अंशांच्या वर जाऊ देऊ नका. हाताला चटका बसायला लागला की बंद करून निवू द्या. खिडक्या उघड्या, देवघरातला दिवासुद्धा लांब. निघणारा हायड्रोजन हवेत 4 टक्के झाला की पेट घेऊ शकतो.

शहापूरला माझी स्वतःची बॅटरी अशीच पडली होती. पहिल्या दिवशी सगळे सेल 1.100 च्या आसपास. चोवीस तासांनी जेमतेम 1.130, मी जवळजवळ नाद सोडला होता. तिसऱ्या दिवशी पाच सेलमध्ये बारीक बुडबुडे सुरू झाले आणि ग्रॅव्हिटी 1.210 वर गेली. कडेचा एक सेल मात्र गप्प, 1.120 वरून हललाच नाही. ती बॅटरी गेली. तिच्या जोडीची, सहाही सेल सारखे चढलेली, मी पुढे तीन वर्षं वापरली. म्हणून दर दोन तासांनी सहाही आकडे वहीत लिहा. एखादा सेल बाकीच्यांपेक्षा 0.050 मागे राहिला आणि चार्जिंगनेही ते अंतर मिटलं नाही, तर त्याच्यामागे आणखी वेळ घालवू नका.

सगळे चढले पण थोडे वरखाली राहिले तर इक्वलायझिंग करा, म्हणजे सगळे सेल सारखे करायला मुद्दाम थोडं जादा चार्जिंग: 15.5 व्होल्टच्या आसपास काही तास, लोड पूर्ण काढून, समोर बसून. ग्रॅव्हिटी सलग तीन तास वाढली नाही की थांबा. ट्युब्युलरला पूर्ण चार्जला साधारण 1.240 येते, गाडीच्या बॅटरीचा 1.270 चा आकडा इथे शोधू नका. पाणी आता खुणेपर्यंत भरा.

खरी परीक्षा बॅकअपची. रात्रभर विश्रांती देऊन परत सीरिजमध्ये जोडा, 300 वॅटचा लोड लावा आणि दोन्हींचं व्होल्टेज वेगवेगळं पाहत राहा. एक जरी 10.8 ला आली की लोड बंद. नवी जोडी दहाएक तास खेचते. तुमची सहा तास चालली तर मी ठेवेन. तीनच तास चालली तर बदला, पण दोन्ही एकदम. जुनीबरोबर नवी सीरिजमध्ये लावली की जुनी नवीलाही घेऊन बसते. जुन्या बॅटऱ्या दुकानदारालाच परत द्या, शिसं आणि ॲसिड शेतात सांडू देऊ नका.

आणि पुढच्या मेअखेर शेतघर बंद करताना मेन स्विच पाडून येऊ नका. इन्व्हर्टर बंद करा, पण पॅनल आणि कंट्रोलर चालू राहू द्या. लोड नसला की ढगाळ दिवसांतलं ऊनही बॅटरी भरलेली ठेवायला पुरतं. माझी बॅटरी मेली ती रात्रंदिवस स्टँडबायवर राहिलेल्या इन्व्हर्टरमुळे, त्यात पॅनलवर सागाची पानं पडलेली. गावात कुणाला तरी महिन्यातून एकदा पॅनल पुसायला सांगून ठेवा.