थर खवळतो कशाने?

प्रश्न : आमच्या कॉलेजच्या विंड टनेलमध्ये (पंख्याने हवा खेळवून प्रयोग करायच्या बोगद्यात) सपाट पट्टीलगतचा हवेचा थर रोज वेगळ्याच जागी खवळतो, म्हणजे संथ वाहणं सोडून भोवऱ्यांनी गोंधळतो. वेग तोच, पट्टी तीच. असं का?
– एक विद्यार्थिनी, ऐरोली

उत्तर : मोजमाप चुकलं ही धास्ती आधी सोडा. पंख्याचा आवाज, येणाऱ्या हवेतली बारीक खळबळ रोज सारखी नसते. आवाजाची लहर लांबलचक, थरातली अस्थिर लहर आखूड; ती वाढत गेली की थर खवळतो. पट्टीची पुढची कड किंवा एखादा उंचवटा आवाजाच्या लहरीतून थरातली लहर उठवतो; म्हणून आवाज बदलला की खवळण्याची जागाही बदलते. शुबावर आणि स्क्रामस्टाड या अमेरिकी संशोधकांनी जाळ्या लावून टनेल शांत केला, तेव्हा कुठे थरातल्या त्या लहरी स्पष्ट दिसल्या. निबंध छापला १९४७ साली. ठाण्यात असताना चिकटपट्टीच्या एका उचकटलेल्या टोकाने माझा अख्खा आठवडा खाल्ला होता. कडेवरून नख फिरवा, अडकतंय का बघा.