सोलापुरात सोसायटीच्या सामायिक भाजीबागेत छोटं पोळं लागलंय, काढावं का?

अजिबात काढू नका, फांदीला लटकलेलं तळहाताएवढं एकच पोळं असेल तर ती बहुधा फुलोरी मधमाशी आहे, आपली देशी, सोलापूरच्या कोरड्या उन्हातही टिकणारी, आणि तिला डिवचलं नाही तर ती सहसा कुणाच्या वाटेला जात नाही. लाल भोपळा, काकडीला नर आणि मादी फुलं वेगळी असतात, सकाळी उमलून त्याच दिवशी मिटतात, तेवढ्या वेळात माशीनं पराग नेला नाही तर मादी फुलामागचा तो बोटाएवढा कोवळा भोपळा पिवळा पडून गळतो, लोक उगाच खत कमी पडलं म्हणतात! मी वेलभाज्या लावतो म्हणून सांगतो:

- फवारणी टाळाच, अगदीच लागलं तर निंबोळी अर्क, तोही सूर्य मावळल्यावर
- थोडी कोथिंबीर, शेपू, तुळस फुलावर येऊ द्या
- उन्हाळ्यात उथळ ताटलीत खडे टाकून पाणी ठेवा

फक्त पोळं खूप मोठं, उंच फांदीला किंवा गच्चीखाली असेल तर ते आग्या मोहोळ असू शकतं, तिथं धूर-दगड काही करू नका, पोरांना लांब ठेवा आणि जाणकार माणूस बोलवा.