पॅपी व्हॅन विंकलसारखी दुर्मिळ बर्बन (मुख्यतः मक्यापासून बनणारी अमेरिकन व्हिस्की) अवाच्या सवा पैसे न मोजता कशी मिळवावी आणि चाखावी?

आख्ख्या बाटलीचा नाद सोडा, आधी एक पेग चाखा. अमेरिकेतल्या केंटकी राज्यात २०१८ पासून परवानाधारक दुकानं आणि बार लोकांच्या घरातल्या जुन्या, न उघडलेल्या बाटल्या विकत घेऊन कायदेशीर विकू शकतात. त्यामुळे लुइव्हिल, लेक्सिंग्टनकडे गेलात तर कित्येक वर्षांपूर्वीची बर्बन पेगवर मिळू शकते. बाटलीच हवी असेल तर पेनसिल्व्हेनिया आणि व्हर्जिनियात सरकारी यंत्रणाच दुर्मिळ बाटल्यांची सोडत काढते. त्या राज्यात राहत असाल तर नाव जरूर नोंदवा, कारण तिथे मूळ किंमतच द्यावी लागते. फेसबुकवरच्या अनोळखी विक्रेत्याकडून मात्र घेऊ नका. रिकाम्या बाटल्या पुन्हा भरून विकल्या जातात.

आता चवीचं. पॅपीमध्ये मक्याच्या जोडीला राय या धान्याऐवजी गहू असतो, म्हणून ती मऊ लागते. वेलर या दुसऱ्या बर्बनमध्येही गहूच, आणि ती त्याच बफेलो ट्रेस डिस्टिलरीत बनते. वेलरही सापडली नाही तर मेकर्स मार्क घ्या, तीही गव्हाची आणि सहज मिळणारी. आधी ती चाखून ठेवा, म्हणजे पॅपी समोर आल्यावर फरक कळेल.

ट्यूलिपच्या आकाराचा छोटा ग्लास घ्या, आपलं तोंड किंचित उघडं ठेवून वास घ्या. पहिला घोट नुसता, दुसरा दोन-चार थेंब पाणी घालून. बर्बन कायम आतून जाळलेल्या नव्या ओकच्या पिंपातच मुरते, त्यामुळे वीस-तेवीस वर्षांत लाकूड फार चढू शकतं. माझं मन पंधरा वर्षं मुरलेल्या पॅपीवरच बसलंय.