नवस वडिलांचा, आयुष्य मुलाचं

प्रश्न : मी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका ख्रिस्ती मंडळीचा (चर्चचा) पाळक आहे. मुलगा राहुरीला बी.एस्सी. ॲग्रीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लहानपणी तो न्यूमोनियाने अत्यवस्थ असताना मी बायबलमधल्या हन्नासारखा नवस केला होता, की हा वाचला तर देवाच्या सेवेला देईन. नुकतेच आमच्याकडे आलेले एक पाहुणे वक्ते म्हणाले, आफ्रिकेत मंडळ्या झपाट्याने वाढताहेत, पण तिथल्या पाळकांना शिकवायला माणसं नाहीत. सहा महिन्यांचा कोर्स करून तरुण तिकडे जाऊ शकतात. मुलगा ‘आधी डिग्री होऊ दे’ म्हणतो. त्याचे गुणही यथातथाच आहेत (सीजीपीए 6.8). म्हणून पुढच्या सेमिस्टरची फी भरायची नाही, असं मी ठरवलं आहे. त्याने कोणता कोर्स करावा? आफ्रिकेत कसं जावं?

उत्तर :

नमस्कार पाळकसाहेब,

तुमच्या पत्रातल्या आफ्रिकेपेक्षा फीच्या वाक्यापाशी मी जास्त वेळ थांबले. ॲग्रीला 6.8 म्हणजे काही नापासाचं लक्षण नाही. काळजी करण्यासारखं असेल तर ते हे, की मुलाला कोंडीत पकडून सेवेला लावायचं तुम्ही ठरवलं आहे. पत्रात तुमचा नवस आहे, वक्त्यांचं म्हणणं आहे, तुमचा निर्णय आहे. मुलाच्या वाट्याला एकच वाक्य आलं आहे आणि तेही तुम्ही खोडून टाकलं आहे.

हन्नाचा दाखला तुम्हीच दिलात, म्हणून लिहिते. मूल झालं तर देवाला देईन, हा नवस तिने केला हे खरं, पण रात्री देवाची हाक आली ती तिच्या मुलाला, शमुवेलाला, त्याच्या नावाने. एली याजक जवळच होता, तरी त्याला ती ऐकू आली नाही. मुलगा तीनदा उठून त्याच्याकडे आला, तेव्हा कुठे हाक देवाची आहे हे म्हाताऱ्याच्या लक्षात आलं, आणि पुन्हा हाक आली तर काय उत्तर द्यायचं एवढं सांगून त्याने पोराला परत पाठवलं. बापाने एवढंच करायचं असतं. आजारी लेकराच्या उशाशी बसून तुम्ही जे बोललात, त्यातली कळकळ मला समजते. पण ते वचन तुम्ही दिलं होतं, ते तुमच्या सेवेतून फेडा. पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, वारशाने येत नाही, हे तुम्ही तुमच्या मंडळीतल्या तरुणांना सांगतच असाल.

आता आफ्रिकेबद्दलचा गैरसमज. मंडळ्या वाढताहेत, हे वक्त्यांनी खरं सांगितलं. 1900 साली आफ्रिकेत ख्रिस्ती लोक एक कोटीच्या आसपास होते, आज ते 60 कोटींहून जास्त आहेत. पण ‘शिकवायला माणसं नाहीत’ हे चुकीचं आहे. सिएरा लिओनमधलं फुरा बे कॉलेज 1827 सालचं. तिथे शिकलेले सॅम्युएल अजायी क्राउदर 1864 मध्ये बिशप झाले. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस योरुबा भाषेत बायबल आणणाऱ्यांत अग्रणी होता. त्यांच्या उतारवयात मात्र बाहेरून आलेल्या तरुण मिशनऱ्यांनी त्यांच्या माणसांची झडती घेतली, त्यांचे अधिकार काढले, आणि 1891 मध्ये ते वारल्यावर त्यांच्या जागी युरोपियन बिशप नेमला. ही जखम तिकडच्या मंडळ्या विसरलेल्या नाहीत. 1971 मध्ये केनियाचे प्रेस्बिटेरियन पुढारी जॉन गाटू यांनी ‘परदेशी मिशनरी आणि त्यांचा पैसा काही काळ थांबवा’ अशी उघड मागणी केली, आणि 1974 च्या लुसाका परिषदेत अखिल आफ्रिकी मंडळ्यांनीही तीच हाक दिली. युगांडात मुकोनोला, केनियात लिमुरूला त्यांची स्वतःची ख्रिस्ती विद्यापीठं आहेत. सहा महिन्यांचं सर्टिफिकेट घेऊन गेलेला विशीतला मुलगा तिथे कोणाला काय शिकवणार?

अडचण आहे ती वेगळीच. पूर्व आफ्रिकेच्या खेड्यांत एका दीक्षित पाळकाकडे कितीतरी मंडळ्या असतात आणि रविवारची उपासना चालवतो तो गावातलाच एखादा शेतकरी. आपला शांबा, म्हणजे शेत, सोडून तो तीन वर्षं सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या शाळेत, जाऊन बसू शकत नाही. म्हणून तिथे टीईई (थिऑलॉजिकल एज्युकेशन बाय एक्स्टेंशन), म्हणजे घरी राहून धर्मशिक्षण घेण्याची पद्धत रुजली. तिची सुरुवात 1963 मध्ये ग्वाटेमालात झाली, कारण शहरात शिकलेले पाळक गावाकडे परतेनात. शिकणारा घरी वही-पुस्तकातला धडा सोडवतो आणि ठरल्या दिवशी गटात बसतो. शिक्षक व्याख्यान देत नाही, ‘तुमच्या मंडळीत या आठवड्यात हे कसं लागू होतं?’ असं विचारत बसतो. त्यासाठी लोकांची भाषा यावी लागते, भावकीतले तंटे ठाऊक असावे लागतात, दुष्काळात कोण कोणाच्या दारी जातं ते माहीत असावं लागतं. हे काम तिथल्याच माणसाचं आहे.

या बाबतीत नाशिकचं उदाहरण तुम्हाला माहीत असायला हवं. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं एकोणिसाव्या शतकात नाशिकजवळच्या शरणपूरच्या मिशनमध्ये वाढली. त्यांच्यातल्याच जेकब वेनराइटने 1873 मध्ये आफ्रिकेत फिरणारे मिशनरी-संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन वारले तेव्हा झाडावर त्यांचं नाव कोरलं. पुढे 1875 मध्ये केनियात मोंबासाजवळ फ्रेरटाउन ही सोडवलेल्या गुलामांची वस्ती वसली, तेव्हा या ‘बॉम्बे आफ्रिकन’ लोकांनी तिथल्या शाळा आणि मंडळ्या उभ्या केल्या. त्यांच्यापैकी विल्यम जोन्स आणि इश्माएल सेम्लर यांना 1885 मध्ये दीक्षा मिळाली. महाराष्ट्राचा आफ्रिकेतल्या मंडळीला इतका मोठा हातभार दुसरा मला माहीत नाही, आणि तो लागला आफ्रिकन माणसांकडून.

कोर्सचं विचारलंत, तर पदवीनंतर सेरामपूर या धर्मशिक्षणाच्या विद्यापीठाची बी.डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी) हा सरळ रस्ता आहे, पुण्यात युनियन बिब्लिकल सेमिनरी आहेच. सहा महिन्यांच्या कोर्सवाल्यांना पैसे देऊ नका. आफ्रिकेत सेवेसाठी राहायला तिथल्या मंडळीचं बोलावणं आणि रीतसर परवाना लागतो. पर्यटक व्हिसावर नेणाऱ्याच्या नादी तर मुळीच लागू नका.

आणि ज्या डिग्रीवर तुम्ही पाणी सोडायला निघालात, तीच तिकडे खरी कामाची आहे. झिंबाब्वेत 1980 च्या दशकात न नांगरता मका करण्याची एक पद्धत पुढे आली. कुदळीने ओळीत खड्डे घ्यायचे, शेणखत घालायचं, वर पालापाचोळ्याचं जाड आच्छादन द्यायचं. आफ्रिकेतल्या अनेक मंडळ्या आज ती शिकवतात, कारण पाळकाचं शेत पिकलं तरच मंडळी टिकते. माती परीक्षण आणि पाण्याचं गणित जाणणाऱ्या कृषी पदवीधराला असं काम करणाऱ्यांबरोबर मदतनीस म्हणून, शिकाऊ म्हणून जाता येईल. अर्थात त्याला जायचं असेल तर. त्याला राहुरीतच डाळिंबाच्या रोगांवर काम करायचं असेल, तर तेही तितक्याच मोकळ्या मनाने होऊ द्या.

तेव्हा फी मुदतीत भरा, आणि त्याच्याशी बोलताना नवसाचा विषय काढू नका. पुढचं पत्र त्याला लिहू द्या, आणि पाठवण्याआधी ते वाचायला मागू नका.