निपाणीतल्या छोट्या चष्म्याच्या दुकानासाठी एजिंग मशीन कोणतं घ्यावं?

तुम्ही विचारलंय ते असं: निपाणीत चष्म्याचं दुकान, दिवसाला सात-आठ चष्मे, फिटिंग कोल्हापूरला जातं, जोडीमागे ७० रुपये आणि दोन दिवस मोडतात. आता काच फ्रेमच्या आकारात घासणारं एजिंग मशीन (एजर) घ्यायचंय आणि समोर तीन पर्याय आहेत: साधं हाताचं व्हील, नवं चिनी ऑटोमॅटिक किंवा वापरलेलं जपानी.

माझं दुकान बेळगावात, शहापूरला. वडील हातव्हीलवर काच घासायचे, त्यांच्याच शेजारी स्टुलावर बसून शिकलो. मग पॅटर्नवालं मशीन आलं, म्हणजे प्रत्येक फ्रेमच्या आकाराची प्लॅस्टिकची चकती कापून लावायची ते. आता ट्रेसरवालं आहे, जे फ्रेमच्या खाचेत सुई फिरवून आकार स्वतःच घेतं. तिन्हींवर बोटं सोलून घेतलीत, म्हणून लिहायला बसलो.

तुमच्या जागी मी असतो तर ट्रेसरवालंच घेतलं असतं. पण चिनी की जपानी हा प्रश्न मी शेवटच्या नंबरला टाकला असता.

आधी हिशेब. महिन्याला २६ दिवस धरले तर तुमच्या साधारण २०० जोड्या होतात, म्हणजे फिटिंगपोटी १४,००० रुपये बाहेर जातात. ५ लाखांचं कर्ज ५ वर्षांसाठी ११ टक्क्यांनी काढलंत तर हप्ता १०,९०० च्या आसपास बसतो. वर वीज, पाणी, काच धरायचे चिकट पॅड आणि पुढे कधीतरी व्हील. म्हणजे मशीन स्वतःचं भागवेल, पण त्यातून गल्ल्यात फार पडणार नाही. खरा फायदा गिऱ्हाइकाचा. बाजाराच्या दिवशी खेड्यातनं आलेला माणूस बाजार उरकून जाताना चष्मा घेऊन जातो, दुसरी फेरी नाही. आणि सीमाप्रश्नावरनं काही पेटलं की आपले पार्सल अडकतात ते वेगळंच. २०२५ च्या फेब्रुवारीत दोन्हीकडच्या एसट्या थांबल्या तेव्हा कोल्हापूरवर अवलंबून असलेल्यांचे हाल तुम्ही बघितलेच असतील.

आता माझा पहिला प्रश्न: मशीन बंद पडलं तर दारात कोण येणार? आपल्या भागात याची एक गंमत आहे. कोल्हापूर तुम्हाला चाळीसेक किलोमीटर, पण विकणाऱ्यांच्या नकाशात तुम्ही कर्नाटक, म्हणजे बेंगळुरूच्या खात्यात. माझ्या आधीच्या मशीनचा एक सेन्सर गेला. ज्यांनी कोल्हापूरहून मशीन दिलं ते म्हणाले, "बेळगाव आमच्या एरियात येत नाही." बेंगळुरूला फोन लावला तर, "मशीन आमच्याकडून घेतलेलं नाही." अकरा दिवस मशीनवर चादर घालून ठेवली होती. तेव्हा पैसे द्यायच्या आधी बिलावरच लिहून घ्या की निपाणीला सर्व्हिस कोण देणार, किती दिवसांत येणार आणि येण्या-जाण्याचा खर्च कुणाचा. एवढं लिहून द्यायला जो का-कू करतो, त्याचं मशीन कितीही चांगलं असलं तरी मी घेणार नाही. निडेक, हुविट्झ, एसिलॉर ही सगळी नावाजलेली मशीनं आहेत, पण नावाला इंजिनिअर चिकटून येत नाही. (कोल्हापूरहून घेतलंत तर आयजीएसटी लागेल, राज्यातनं घेतलंत तर सीजीएसटी-एसजीएसटी. क्रेडिट दोन्हीचं मिळतं, पण तुम्ही जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत असाल तर कशाचंच नाही. हे एकदा सीएला विचारून घ्या.)

दुसरी गोष्ट सेंटरिंगची, म्हणजे काचेचं सेंटर बाहुलीसमोर आणायची, आणि इथं मी जरा जास्त बोलणार. दुकानात येणारे सेल्समन एजरबद्दल तासभर बोलतात आणि सेंटरिंग-ब्लॉकिंगचा डबा (सेंटर धरून काचेवर पकडीचा ठोकळा, म्हणजे ब्लॉक, चिकटवतो तो) "सोबत देतो की" म्हणून संपवतात. उलटं आहे हो. एजर काच फक्त घासतो. चष्मा नंबरात बसणार की नाही ते काच ब्लॉक करताना ठरून गेलेलं असतं. ५२-१८ ची फ्रेम (काचेची रुंदी ५२, नाकावरचा पूल १८) आणि पीडी, म्हणजे दोन बाहुल्यांमधलं अंतर, ६२ घ्या: ७० मधून ६२ गेले ८, त्याचे निम्मे ४, म्हणजे प्रत्येक काचेचं सेंटर ४ मिलिमीटर नाकाकडे सरकवायचं. वजा ४ च्या नंबराला हे सरकवायचं राहिलं तर एकेका डोळ्याला १.६ प्रिझम (समोरचं बाजूला सरकवून दाखवणारा परिणाम) फुकट लागतं. गिऱ्हाईक म्हणतं डोकं दुखतंय, आपण म्हणतो सवय होईल.

सिलिंडरचं, म्हणजे ठरावीक दिशेनंच बसवायच्या नंबराचं, तर आणखी नाजूक. वडगावातल्या मागावर काम करणाऱ्या एक मावशी माझ्याकडे येतात. उजव्या डोळ्याला उणे २ चं सिलिंडर. नवीन चष्मा दिला आणि चौथ्या दिवशी परत आल्या: "फरशी एका अंगानं वर आल्यागत दिसालीया, धागा तर दोन दिसतात." लेन्सोमीटरवर (काचेचा नंबर मोजायचं यंत्र) लावला, ॲक्सिस, म्हणजे सिलिंडरची दिशा, ८ अंशांनी फिरलेला. दोनच्या सिलिंडरला ८ अंश फिरले की जवळजवळ अर्ध्या नंबराचा घोळ होतो, आणि ३० अंश फिरले तर सिलिंडर घातलं काय नि न घातलं काय, सारखंच. मी आधी स्वतःच्या ब्लॉकिंगला दोष दिला. मग दुसरी काच लावून समोर उभा राहिलो. ब्लॉक केल्यावर काचेवर मार्करनं आडवी रेघ मारली, तीच रेघ पुढे ब्लॉकच्या कडेवर ओढली. रफ व्हील लागलं, आवाज बदलला, आणि बाहेर काढून बघतो तर काचेवरची रेघ ब्लॉकवरच्या रेघेला सोडून खाली उतरलेली. काच चकमध्येच, म्हणजे मशीनच्या पकडीतच, घसरली होती. वरच्या कोटिंगवर पाणी ठरत नाही तसा आपला चिकट पॅडही ठरत नाही, आणि पाण्याला नको असलेली ही कोटिंगं आता बऱ्याच काचांवर येतात.

उपाय साधा आहे. अशा काचेवर दोन्ही बाजूंनी घसरण रोखणारी पातळ फिल्म लावायची, मग पॅड. आणि मशीनला चकचा दाब कमी-जास्त करायची आणि रफिंग हळू करायची सोय असली पाहिजे. हे सेटिंग ज्यात नाही ते घेऊ नका. दाब नुसताच वाढवला तर कोटिंगला बारीक तडे जातात, तेही मी करून बसलोय. मावशींना काच बदलून दिली. त्या दिवसापासून मार्करची रेघ आमच्याकडे प्रत्येक सिलिंडरच्या काचेवर मारली जाते, मग मुलगा कितीही कंटाळो.

तिसरी गोष्ट, तुमच्याकडे कोणत्या काचा जातात. गेल्या दोन महिन्यांची ऑर्डरबुकं काढून मोजा. खेड्यातली जुनी माणसं अजूनही "काचेचीच द्या, प्लॅस्टिकची नको" म्हणतात. तशी गिऱ्हाइकं असतील तर मशीनच्या व्हील सेटमध्ये खऱ्या काचेचं रफ व्हील वेगळं हवं. कित्येक मशीनं फक्त प्लॅस्टिकच्या सेटवर येतात आणि सेल्समन ते आपणहून सांगत नाही. प्लॅस्टिकच्या व्हीलवर काच चढवली की व्हील गेलं म्हणून समजा. आमच्याकडे उद्यमबागेतल्या फाउंड्र्यांमुळे पॉलीकार्बोनेट (सहज न फुटणारं प्लॅस्टिक) खूप जातं. पॉली पाण्यात रफ केली तर चिकट लगदा होऊन व्हीलला बसतो, म्हणून ती कोरडी रफ करायची आणि फिनिशिंगला पाणी सोडायचं. मशीनमध्ये पॉलीचा हा वेगळा मोड असतो. नसेल तर तुम्ही पाईप बंद-चालू करत उभे राहाल. १.६० आणि १.६७ इंडेक्सच्या पातळ काचांमध्ये गंधक असतं. त्या घासताना कुजक्या अंड्यासारखा वास सुटतो, तेव्हा मशीन गिऱ्हाइकाच्या बाकड्याशेजारी ठेवू नका, मागे खिडकीजवळ ठेवा. सुप्रा फ्रेम (खालून दोरीवर काच धरणारी) दिवसाला एखादी तरी होत असेल तर दोरीची खाच पाडणारं ग्रूव्हर मशीनमध्येच असलेलं बरं. रिमलेसची भोकं मात्र हातानेच पाडा. तेवढ्यासाठी ड्रिलवालं मॉडेल घेण्याइतकं काम निपाणीत निघेल असं मला वाटत नाही. चुकत असेन तर तुमची ऑर्डरबुकं सांगतील.

डेमोला जाताना त्यांच्या काचा वापरू नका. घरच्या चार घेऊन जा: सिलिंडरची एआरसी (चकाकी रोखणारं कोटिंग असलेली) पॉली, उणे ६ ची जाड एक, डी बायफोकल (खाली वाचायची डी आकाराची खिडकी असलेली) आणि एक सुप्रासाठी. सिलिंडरचा ॲक्सिस घासण्याआधी ब्लॉकवर आणि घासून झाल्यावर फ्रेममध्ये लेन्सोमीटरवर बघा. बायफोकलची रेघ आडवी आली पाहिजे. तीच फ्रेम धरून दोन काचा लागोपाठ कापायला सांगा आणि आडवं-उभं दोन्हीकडून डिजिटल व्हर्नियर लावा. ०.१ मिलिमीटरच्या पलीकडे फरक गेला तर ते मशीन रोज तुम्हाला रिटच करायला लावणार. जाड काचेची कडा बाजूनं बघा. खाचेत बसणारा व्ही समोरच्या अंगाला आला पाहिजे, म्हणजे जाडी मागे लपते. तो मधोमध बसवला तर काच फ्रेमच्या पुढे टपोरी दिसते, आणि उणे नंबराचं गिऱ्हाईक आरशात सगळ्यात आधी तेच बघतं.

वापरलेलं घ्यायचं झालं तर रंगरूप सोडा. किती काचा कापल्या त्याचा काउंटर मेन्यूत असतो तो बघा, चक हाताने हलवून खेळ आहे का बघा, फिनिशिंग व्हीलच्या व्ही खाचेवर बोट फिरवा. आणि नव्या व्हील सेटचं कोटेशन आधी मागवा, मग भाव करा. डायमंड व्हीलचा सेट हाच जुन्या मशीनमधला लपलेला खर्च.

वीज आणि पाण्याचं थोडक्यात. अर्थिंग नीट करून घ्या, नुसता तीन पिनचा प्लग म्हणजे अर्थिंग नव्हे. हेस्कॉमची लाईट पावसाळ्यात कशी वागते ते तुम्हाला काय सांगायचं. काच अर्धी घासलेली असताना लाईट गेली की ती बहुतेक कचऱ्यात, म्हणून मोटारीचा लोड घेऊ शकेल असा यूपीएस पाहिजे, कॉम्प्युटरचा नको. बोअरचं जड पाणी टाकीत घालू नका, नळांवर आणि व्हीलवर पांढरं बसतं. आणि तो घासलेला राडा सरळ मोरीत सोडू नका. बादलीत रात्रभर बसू द्या, वरचं पाणी ओता, खालचा गाळ वेगळा टाका. माझी मोरी दोनदा तुंबली, दुसऱ्यांदा फरशी फोडावी लागली.

एक राहिलं. हाताचं व्हील एक पर्याय म्हणून लिहिलंय तुम्ही. ऑटोमॅटिक घेतलंत तरी एक छोटं हातव्हील घ्याच, ते काही हजारांत येतं. कडेची धार मोडायला, फ्रेमच्या स्क्रूवर ताण येत असेल तर केसभर घासायला ते रोज लागतं. आणि त्या अकरा दिवसांत आमच्या दुकानाचा दरवाजा उघडा राहिला तो वडिलांच्या त्या हातव्हीलमुळेच. आता ते स्वतः दुकानात क्वचित येतात, पण आले की आधी त्याच्यासमोरच्या स्टुलावर बसतात.