गाजर गवत असलेल्या रानात पेरलेलं बी उगवत नाही, गवत जमिनीत विष सोडतं म्हणतात, हे खरं का?

खरंय, पण अर्धंच. गाजर गवतात (आमच्याकडे काँग्रेस गवत म्हणतात, पीएल ४८० या अन्न-मदत योजनेतल्या अमेरिकन गव्हाबरोबर आलं असं सांगतात आणि १९५५ च्या सुमारास पुण्यात दिसलं म्हणून नोंद आहे) पार्थेनिन नावाचं रसायन असतं, शिवाय फेरुलिक, कॅफिक, व्हॅनिलिक अशी बरीच फिनॉलिक आम्लं असतात. पावसाने पानांवरून धुऊन, मुळातून पाझरून आणि मेलेला पाला कुजताना हे सगळं मातीत उतरतं. एका झाडाच्या रसायनांनी दुसऱ्या झाडांवर असा परिणाम होतो, त्याला अ‍ॅलेलोपॅथी म्हणतात.

आता बी मरतं का? बहुतेक वेळा नाही. बी फुगतं, कोंब येतो, पण मूळ खुंटतं, टोकाशी पेशींचं विभाजन मंदावतं आणि रोप उभंच राहत नाही. त्यामुळे उगवण मोजली की फार फरक दिसत नाही आणि मुळाची लांबी मोजली की लगेच दिसतो. बारीक बियांना, म्हणजे मोहरी, मेथी वगैरेंना, जास्त झळ बसते कारण आत साठा कमी.

पण नेटवर जे प्रयोग सापडतात त्यातले बरेच पानांचा कडक अर्क काढून काचेच्या बशीत केलेले असतात, तेवढं तीव्र द्रावण शेतात कुठून येणार? जिवंत मातीत जिवाणू ही रसायनं खातात, पार्थेनिन तर उबदार ओल्या मातीत काही दिवसांत ओसरतं. म्हणून माझं मत असं की शेतात निम्मा दोष सावली, पाणी आणि खताच्या ओढाताणीचा असतो आणि सगळं खापर विषावर फुटतं. हिरवं गवत नांगरून लगेच पेरलंत तर मात्र दणका बसतो, मध्ये दोन-तीन आठवडे जाऊ द्या.

उलटंही घडतं बरं का, ज्वारीतला टारफुला (ज्वारीच्या मुळांवर जगणारं तण) बघा, त्याचं बी वर्षानुवर्षं मातीत झोपलेलं असतं आणि ज्वारीच्या मुळातून रसायन सुटलं की तेव्हाच जागं होतं.

खात्री करायची तर एका कुंडीत गवताखालची माती, दुसरीत त्याच बांधावरची पण गवत नसलेली माती घ्या, दोन्हीत सारखंच मेथीचं बी टाका, पाणी सारखं, ऊन सारखं. आठवड्याने रोपं अलगद उपटून मुळं शेजारी ठेवून बघा. दोन्ही सारखीच निघाली तर दोष विषाचा नाही, मग सावली-पाणी-खताची ओढाताण, बियाणं किंवा पेरणीची खोली यातच गडबड असेल.

आणि गवत काढायचं ते फुलोऱ्याआधी, कारण एका झाडाला हजारोंनी बी धरतं, मग कंपोस्टमध्येसुद्धा टाकायची सोय राहत नाही. हातमोजे घालूनच उपटा, याच पार्थेनिनने बऱ्याच जणांच्या हातावर पुरळ उठतं आणि एकदा ती अ‍ॅलर्जी लागली की पुढे नुसत्या स्पर्शानेही त्रास होतो.